धोक्याच्या पट्ट्यातला तवा

कुरूच्या अवकाशतळावरून रॉकेट उडायचं असलं की आधी धोक्याचा पट्टा रिकामा करतात. होड्या परतवतात, बेटांवरची माणसं उतरवतात, जंगलातल्या वाटा तपासतात. या वाटा तपासायचं काम अठरा वर्षं माझ्याकडे होतं. पट्ट्यात आमचंच गाव होतं. पाडलं तरी वाटा मला पाठ होत्या.

गाव उठवलं तेव्हा मी विशीत होते. अंगणात उर्सुलीन मावशी मोठ्या लोखंडी तव्यावर क्वाक भाजत होती. किसलेल्या कसाव्याच्या कंदाचा हा रवा तासन्‌तास हलवावा लागतो. हात थांबला की करपतो.

गाव उठवायला आलेला साहेब समजावत होता, "इथून विषुववृत्त जवळ, मावशी. पृथ्वीच्या फिरण्याचा रॉकेटला फुकट धक्का मिळतो."

"आणि आम्हाला कुणाचा मिळतोय?" मावशी म्हणाली. "थांबा. एवढं भाजून होऊ दे."

चुलीत पाण्याची बादली मी ओतली. आम्हाला न्यायला आलेला ट्रक निघून जाईल म्हणून.

मावशी नंतर कुरूतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चार वर्षं जगली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी, एका उड्डाणाच्या सकाळी, माझ्याबरोबरचा शिपाई ब्रेविन्यों वाटेतच थबकला. "कोण भाजतंय गं?"

वास मलाही आला होता. झुडपांपलीकडे, आमच्या जुन्या अंगणात, तव्यावर लाकूड घासत होतं. एका लयीत.

आमच्यात हाकेला ओ आल्याशिवाय कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नाहीत. मी हाक मारली.

"भाजून होऊ दे," आतून आवाज आला. कोरडा. ओळखीचा.

रेडिओ खरखरला. "पट्टा रिकामा?"

"माणूस असेल तर मरेल, लिओंतीन," ब्रेविन्यों कुजबुजला. "उड्डाण थांबवू. खरं सांग."

"रिकामा," मी रेडिओत म्हणाले.

रॉकेट गेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पाहिलं. भर उन्हाळ्यात तिथं ओली राख होती.

आता मी एकोणऐंशी वर्षांची आहे. माझं काम मिर्लेन करते. आज सकाळी पट्टा तपासून परतताना ती माझ्याकडे आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"आजी, तिथं कुणीतरी क्वाक भाजतंय. मी हाक मारली."

"ओ आली?"

"दोघींची." ती माझ्याकडे बघत राहिली. "एक आवाज तुमचाच वाटला. तुम्ही कुठं गेला होतात का?"

"मी कुठली जाते! पहाटेपासून याच खुर्चीत आहे. रेडिओवर काय सांगितलंस?"

"रिकामा."

उड्डाणाला तास उरला होता. मी उजवा हात झग्याच्या खिशात घातला. तळव्यावरचे फोड अजून ओले होते.