फिनिक्सहून आलेलं चौथं पाकीट

"पुन्हा आलंय. लवकर ये."

एवढंच बोलून एल्सी बिटसिलीनं फोन ठेवला. थेल्मा नाकाईनं गाडीची किल्ली उचलली आणि ठाण्याला कुलूप लावलं. आमच्या जमातीच्या राखीव मुलखातल्या तिच्या हद्दीत मैलोन्‌मैल लाल खडक, मेंढरं आणि धूळ होती, आणि एवढ्या सगळ्याला पोलीस दोघंच. दुसरा आजारी होता.

एल्सीचं घर डोंगराच्या पायथ्याशी. थेल्माचं आणि तिचं कूळ एकच, म्हणून थेल्मा तिला मावशी म्हणायची. दोन वर्षांपूर्वी मावशीची धाकटी मुलगी नॉरीन घरातून गेली ती परतली नाही. मण्यांची ब्रेसलेट बनवण्यात आमच्या भागात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. बाहेरून आलेल्या तपास अधिकाऱ्यांनी काही महिन्यांतच फाइल मिटवली. सज्ञान बाई, स्वखुशीनं गेली. पुरावा काय, तर फिनिक्सहून टपालानं येणारी पाकिटं. प्रत्येकात नॉरीनच्या हातचं एक ब्रेसलेट, बाकी काही नाही.

मावशी दारातच उभी होती.

"बघ! नॉरीन जिवंत आहे. मी म्हणत होते की नाही?"

थेल्मानं ब्रेसलेट हातात घेतलं. काचेचे बारीक मणी, मधूनमधून पिरोजा, आणि दर चार बोटांवर जुनिपरच्या झाडाची वाळकी बी. या बियांना आम्ही भूतमणी म्हणतो. झाडाखाली पडलेल्या बीचं एक टोक मुंगी कुरतडते आणि आतला गर खाते. दुसऱ्या टोकाला आपण सुईनं भोक पाडायचं आणि ओवायचं. अंगावर असले की वाईट स्वप्नं पडत नाहीत, भूतबाधा होत नाही. मुंगीचं भोक नेहमी वेडंवाकडं असतं. या बियांचंही तसंच होतं.

"नॉरीनचंच आहे," थेल्मा म्हणाली. "चिठ्ठी?"

"नॉरीननं कधी चिठ्ठी लिहिलीय? शाळेत कोरा पेपर देऊन यायची. पहिला मणी कुठला आहे गं? मला रंग दिसत नाहीत आता." मावशीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

"फासाकडून सुरुवात काळ्यानं. बटणाकडे शेवट पिवळ्यानं."

"म्हणजे आधीच्याचा शेवट काळा असणार. नॉरीनची ती खोडच आहे. एक ब्रेसलेट ज्या रंगावर संपलं, त्याच रंगानं पुढचं सुरू करायचं. म्हणते, आई, मी आयुष्यभर एकच माळ ओवतेय, फक्त तुकडे करून विकते." मावशी हसली आणि तिनं स्वतःचं मनगट पुढे केलं. "हे जायच्या दिवशी सकाळी पुरं केलं आणि माझ्या हातात घातलं. हे लाल पोवळ्यावर संपतं. म्हणाली, आता पुढचं लालनं. पहिलं पाकीट आलं तेव्हा लेलंडला विचारलं मी, लालनं सुरू होतं का रे? होतं म्हणाला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला."

"लेलंड येतो का अजून?"

"तोच एक येतो. बाकीच्यांची तर तोंडं बघवत नाहीत. 'तुझ्या लेकीचं काही कळलं का?' लेकीचं! तिला नाव नाही? मेल्यात जमा करून टाकलीय मेल्यांनी तिला."

आमच्याकडे वारलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो मागे वळून बघतो, आणि त्यात कुणाचंच भलं नसतं. त्याच्या वस्तूंनाही हात लावत नाहीत. म्हणून मावशी दर वाक्यात नॉरीनचं नाव घ्यायची, आणि थेल्माही तिच्यासमोर मुद्दाम घ्यायची.

"मला तिचा पत्ता काढून दे, थेल्मा. थंडीच्या आत नॉरीन घरी आली पाहिजे. पुढची थंडी मी काही बघत नाही."

थेल्मानं हो म्हटलं. नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

*

नॉरीनचा नवरा डॅरेल गॅलपच्या रस्त्यावर पंक्चर काढायच्या दुकानात सापडला. भर दुपारी तोंडाला दारूचा वास.

"या साहेबबाई! नॉरीनचं आणखी एक दिसतंय," म्हणत पिशवीतलं ब्रेसलेट त्यानं थेल्माच्या हातातून ओढूनच घेतलं. "आईला पाठवते, मला एक मणी नाही. कुणाबरोबर राहते ती?"

"तूच सांग."

"मला कळलं असतं तर तिथे जाऊन एकेकाचे दात पाडले असते."

"ती गेली त्या दिवशी तू कुठे होतास?"

"तुमच्याच कोठडीत. विसरलात? भिंतीवर ओकलो म्हणून तुम्हीच मला फडकं दिलं होतंत."

थेल्माला आठवलं. ते खरं होतं.

"आधीचे काही दिवस नॉरीन चिडलेली होती?"

"माझ्यावर तर कायमच. पण त्या आठवड्यात दुसऱ्याच कुणावर तरी. फिनिक्सच्या जत्रेत काहीतरी बघून आली होती. म्हणत होती, माझ्या नावानं कचरा विकतात." डॅरेलनं ब्रेसलेट गालाला लावलं आणि तो भेसूर रडायला लागला. "नॉरीन, नॉरीन. कसली बाई होती, आणि मी कसला!"

थेल्मानं ब्रेसलेट हळूच सोडवून घेतलं.

*

लेलंड त्सो आपल्या ट्रकमध्ये माल भरत होता. आसपासच्या कारागिरांचे दागिने घेऊन फिनिक्सच्या बाजारात विकायचे, हा त्याचा धंदा. गोड बोलणारा, हसतमुख गडी. नॉरीनला शेवटचं पाहणारा तोच.

"ये ताई, कॉफी घे. पुन्हा पाकीट आलं म्हणे? मावशी खूश असेल."

"आहे ना. हे बघ." थेल्मानं ब्रेसलेट पुढे केलं.

त्याचे दोन्ही हात खोक्यात होते. ते तिथेच राहिले. "सुंदर. तिचंच काम, वादच नाही. ठेव तिथे."

"त्या दिवशी काय झालं, पुन्हा सांगशील?"

"किती वेळा सांगू? गॅलपच्या बसथांब्यावर सोडली. म्हणाली, कंटाळा आलाय या धुळीचा. मी म्हटलं, जा बाई, सुखी राहा."

"कशावरून भांडली होती का?"

"माझ्याशी? छे! सख्ख्या बहिणीसारखी होती."

"होती?"

"आहे. तू पण ना, ताई! ती पोरगी तिकडे मजेत असेल आणि आपण इथे धूळ खातोय."

थेल्मानं खोक्यात डोकावून पाहिलं. शंभरेक ब्रेसलेट, सगळ्यांना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, सगळ्या चिठ्ठ्या पालथ्या. तिनं एक उलटली. नॉरीनचं नाव छापलेलं होतं. जुनिपरच्या बीला दोन्ही टोकांना गोल, गुळगुळीत भोकं होती.

"मुंग्या हल्ली यंत्र वापरायला लागल्या वाटतं," ती म्हणाली.

लेलंड मोठ्यांदा हसला. "जुना माल आहे गं. फिनिक्सच्या बायकांना कुठली मुंगी आणि कुठलं काय! त्यांना रंग जुळला की झालं."

त्याच्या गळ्यात भूतमण्यांची जाड माळ होती, दोन्ही मनगटांतही माळा होत्या. ट्रकमध्ये भूतबाधेवर करतात त्या जुनिपरच्या धुराचा वास भरून राहिला होता, आणि समोरच्या फळीवर चामड्याचे नवे हातमोजे पडले होते. हवा तर चांगली उबदार होती.

*

थेल्मा परत मावशीकडे आली. मावशी मटणाचा रस्सा ढवळत होती.

"मावशी, आधीची तीन दाखवशील? आणि हातातलंही काढून दे जरा."

मावशीनं डबा दिला. थेल्मानं पाचही ब्रेसलेट टेबलावर मांडली आणि रंगाला रंग लावत सरकवत गेली. शेवटचं जागेवर बसलं तसा तिचा हात थांबला.

"काय गं? बसतेय ना माळ?"

"बसतेय," थेल्मा म्हणाली. तिनं मावशीला तिचं ब्रेसलेट परत दिलं. मग बाहेर जाऊन लेलंडला फोन केला आणि मावशीनं जेवायला बोलावलंय असं सांगितलं. तेवढं खोटं तिला बोलावं लागलं.

तो आला. टेबलावरची चार ब्रेसलेट दिसताच त्यानं खुर्ची मागे ओढून घेतली.

"लेलंड, ते कोपऱ्यातलं ब्रेसलेट इकडे दे," थेल्मा म्हणाली.

"तुझ्याच हाताशी आहे की."

"बरं. मग दुसरं काम कर. फिनिक्समध्ये कोण राहतंय, ते मावशीला सांग."

"तिची लेक."

"नाव सांग."

चुलीवर रस्सा रटरटत होता. लेलंडनं ओठांवरून जीभ फिरवली.

"हा काय पोरखेळ आहे, ताई?"

"एक शब्द आहे. डॅरेल शंभरदा घेतो. मावशी दिवसभर घेते. ती जिवंत आहे असं तूच सगळ्यांना सांगत फिरतोस. मग घे की नाव."

मावशी पळी हातात घेऊन वळली. "म्हण की रे! नॉरीन. एवढं काय त्यात? नॉरीन म्हण."

लेलंडनं तोंड उघडलं. पण आवाज फुटला नाही. त्याचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला आणि त्यानं ती मुठीत घट्ट धरली.

मावशीच्या हातातली पळी खाली पडली.

"बस, मावशी," थेल्मा म्हणाली. "मी सांगते. मला हे सांगायचं नव्हतं."

ती भराभर बोलली, नाहीतर तिच्यानं बोलवलं नसतं.

"पाकिटातली चार ब्रेसलेट एकापुढे एक लागतात, पण आली त्या क्रमानं नाही. आज आलेलं सगळ्यांत आधीचं. काळ्यापासून पिवळ्यापर्यंत. मग दुसऱ्या पाकिटातलं पिवळं ते निळं, पहिल्यातलं निळं ते हिरवं, तिसऱ्यातलं हिरवं ते पांढरं. आणि त्यापुढे तुझं, पांढऱ्यानं सुरू होऊन लालवर संपणारं. चारही तुझ्या ब्रेसलेटच्या आधीची आहेत, मावशी. ती घर सोडून गेली त्यापूर्वीची. त्यानंतरचं एकही नाही. लालनं सुरू होणारं एकही नाही."

"लेलंड म्हणाला होता..."

"खोटं म्हणाला. तुला दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं. ही चार विकायला म्हणून त्याच्याकडेच दिलेली होती. पण तुझी लेक जिवानिशी गेल्यावर त्याला ही ब्रेसलेट नुसत्या हातानं धरवेनात, म्हणून हातमोजे घालून पाकिटात भरायचा. गळ्यात भूतमणी, ट्रकमध्ये धूर. जिवंत माणसापासून एवढं कुणी जपतं का स्वतःला? आणि पाकिटं चालू राहिली की फाइल बंद राहते." ती लेलंडकडे वळली. "यंत्रानं भोकं पाडलेला कचरा तू तिच्या नावानं विकत होतास. जत्रेत तिनं तो पाहिला. बरोबर?"

लेलंड रडत नव्हता. तो थकल्यासारखा दिसत होता, बस्स.

"मारायचं नव्हतं. सगळ्यांना सांगीन म्हणाली. वरच्या जुन्या खाणीपाशी गाडी थांबवायला लावली तिनं, उतरून चालत सुटली. मी दंड धरला. तिनं हिसडा दिला. पाठीमागे खाणीचा खड्डा होता."

"लगेच गेली?" थेल्मानं विचारलं.

त्यानं खुर्ची आणखी मागे सरकवली.

"लेलंड, लगेच गेली का?"

"हाका मारत होती," तो म्हणाला. "मग थांबली."

मावशी खाली बघत होती.

*

थेल्मानं त्याला बेड्या घातल्या, पण त्यातून काय निष्पन्न होणार हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. युरेनियमच्या त्या जुन्या खाणी गेल्या वर्षी सरकारी ट्रकांनी माती लोटून बुजवल्या आणि वर काँक्रीट ओतलं. ती माती विषारी, उकरायला बंदी. वकील मिळताच लेलंडनं तोंड मिटलं. मावशीच्या घरात तो जे बोलला ते दटावून वदवलं, असं वकिलानं लिहून दिलं. बाहेरचे अधिकारी आले. थेल्मानं त्यांना रंगांचा क्रम सांगितला, हातमोजे सांगितले, नाव न घेणंही सांगितलं.

"म्हणजे त्यानं एक नाव उच्चारलं नाही, हा तुमचा पुरावा?" त्यांच्यातला एक म्हणाला. तो हसला नाही, हेच खूप. पुढच्या आठवड्यात लेलंड सुटला, आणि त्याचा ट्रक पुन्हा फिनिक्सच्या रस्त्याला लागला.

हे सांगायला थेल्मा मावशीकडे गेली. मावशी दाराशी खुर्ची टाकून बसली होती. मनगट मोकळं होतं. पाचही ब्रेसलेट फडक्यात बांधून तिनं दूर, कुंपणापलीकडे एका दगडावर ठेवली होती.

"ते लांब कुठे तरी पुरून ये," ती म्हणाली. "घरात नको."

"मावशी, मी पुन्हा अर्ज करीन. खाण उघडायला लावीन."

"नको. तू जेवलीस का?"

थेल्मा तिच्या पायाशी बसली. समोर डोंगर होता आणि त्याच्या कडेवर काँक्रीटचा पांढरा ठिपका दिसत होता. मावशीला तो दिसत नसावा. ती मेंढरांबद्दल बोलली, यंदाच्या कमी पडलेल्या चाऱ्याबद्दल बोलली. थेल्मा वाट बघत राहिली. दोन वर्षं दर वाक्यात येणारं ते नाव आज एकदा तरी येईल, रागानं तरी येईल, असं तिला वाटत होतं.

ऊन उतरलं तशी मावशी उठली.

"माझ्या धाकटीला लाल रंग फार आवडायचा," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.