तीनची मोजणी

समुद्र किती लांबपर्यंत दिसतोय हे सांगायला आमच्या हवामान केंद्रात यंत्र नाही. खडक आहेत. बंदराच्या तोंडापासून आत समुद्रात, एका रांगेत, सात काळे खडक. पहिला हाकेच्या अंतरावर, सातवा पाच-सहा किलोमीटरवर. सकाळी सातला आणि दुपारी तीनला खिडकीशी उभं राहायचं, दिसतील तेवढे खडक मोजायचे, वारा आणि लाटांची उंची लिहायची आणि सगळं वायरलेसवरून होड्यांना वाचून दाखवायचं. अकरा वर्षं मी हेच करतेय. वरचे साहेब याला दृश्यमानता म्हणतात. आम्ही नुसतं विचारतो, "आज किती?"

माझ्या आधीचे निरीक्षक, अण्णा, निवृत्त होताना मला किल्ल्या देऊन म्हणाले होते, "सात झाले की पेन्सिल खाली ठेवायची, पोरी. पुढे बघत बसायचं नाही."

"पुढे काय आहे?"

"काही नाही. बघत बसलं की असतं."

मला वाटलं, म्हातारा जाता जाता भाव खातोय.

पानगळ संपत आली की इथली हवा अगदी नकोशी होते. दुपारी चारलाच अंधारून येतं. वाऱ्याबरोबर खारं पाणी उडतं, त्याची पुटं काचेवर बसतात, ती रद्दीनं पुसून पुसून माझी बोटं काळी पडतात. खोलीत रॉकेलच्या शेगडीचा आणि ओल्या लोकरीचा वास. लाटा तीन मीटर, कधी चार. समुद्राचा रंग बघून जेवण जाऊ नये असा.

त्या सोमवारी तीनला मी काच पुसली आणि मोजलं. आठ.

उलट्या बाजूनं मोजलं. आठ. मग दुर्बीण लावून एकेक बघितला. तिरका, फुटका, बसका, सगळ्यांच्या पायाशी फेस, सगळ्यांच्या डोक्यावर पक्ष्यांची पांढरी घाण. प्रत्येक खडक लहानपणापासून ओळखीचा. त्यात नवा एकही नव्हता. पण होते आठ.

मी वहीत सात लिहिलं. आठ लिहिलं असतं तर साहेबांनी मला रजेवर धाडलं असतं.

घरी सांगितलं तर धाकटा भाऊ हसत सुटला. "ताई, नंबर वाढलाय तुझा! आधी चष्मा बदल, मग आमच्या होडीला शहाणपण शिकव."

"गप रे," आई म्हणाली. निदान मला तसं आठवतंय.

मंगळवारी आठ, बुधवारीही आठ. मी सातच लिहीत राहिले. हवा स्वच्छ होती. होडीवाले आपल्या डोळ्यांनी बघून येत होते, माझ्या आकड्यावाचून कुणाचं अडत नव्हतं.

गुरुवारी सकाळी एकच होडी बाहेर पडली, भाऊ असतो ती. जाणाऱ्या प्रत्येकानं केंद्रात येऊन वहीत सही करायची आणि होडी परत आली की मी माणसं मोजून आकडा पडताळायचा, असा आमचा नियम. सह्या झाल्यावर मी खाली 'चार' लिहिलं आणि वारा मोजायला गच्चीवर गेले.

दोनच्या सुमाराला धुकं आलं. असं दाट की गच्चीचा कठडा दिसेना. तीनला ते किनाऱ्याजवळ जरा विरळलं, तेव्हा मला पहिला खडक दिसत होता, दुसरा कसाबसा, आणि त्याच्या पलीकडे थोडं मोकळं पाणी. वायरलेस खरखरला. भाऊ होता.

"ताई, काहीच दिसत नाहीये. खडक धरून धरून येतोय. आत्ता पहिल्याला वळसा घातला, म्हणजे तुमचा सातवा. पाच मोजले की डावीकडे वळतो."

बाहेरून येताना पाच खडक मागे टाकले की डावीकडे वाट. एक आधी वळलं तर पाण्याखाली नुसते दगडांचे सुळे, तिथून सुटलेली होडी मी बघितलेली नाही. आणि त्या वाटेच्या माझ्या बाजूला तर नेहमीचे दोनच होते. जास्तीचा तिकडे होता, त्याच्या वाटेत.

"पाच नाही," मी म्हणाले. "सहा मोज."

"का?"

"आठ आहेत. चार दिवस मी खोटं लिहितेय. आठच आहेत. ऐक माझं, बाळा."

"बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर आठ."

चाळीस मिनिटं मी ती खुर्ची सोडली नाही. मग इंजिनाचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. कोट न घालताच मी धक्क्यावर धावले. होडीला ओरखडासुद्धा नव्हता. सुकाणू धरणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलानं माझे दोन्ही हात धरले. "वाचवलंस ग, पोरी!" मी रडत होते, हसत होते, आणि सवयीनं माणसं मोजत होते.

पाच.

पुन्हा मोजली. तांडेल. इंजिनवाला. जाळं ओढणारे काका-पुतणे. माझा भाऊ.

पाचही चेहरे लहानपणापासून ओळखीचे. त्यात नवा एकही नव्हता.

धुकं विरळ झालं होतं. मी मागे वळून खडक मोजले. सात.

वर जाऊन वही उघडली. तांडेलाची थरथरती सही. इंजिनवाल्याची, शेजारी तेलाचं बोट. काकाची. पुतण्याची. मागचं पान उलटलं. त्याच्या मागचं. त्याच चार सह्या.

भावाच्या हनुवटीवरचा व्रण मी पाडलाय, झोपाळ्यावरून ढकलून. ते रक्त मला आठवतं. त्यानंतर खाल्लेला मार आठवतो.

"ताई, चल ना," तो जिन्याखालून ओरडला. "थंडी वाजतेय."

"आले रे."

मी 'चार'चं 'पाच' केलं. त्याची सही कशी असते ते काही केल्या आठवेना. मग माझ्याच अक्षरात केली.

घरी पोचलो तेव्हा आईनं ताटं मांडून ठेवली होती. दोन. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. मी मान खाली घातली.

आई उठली, फळीवरून तिसरं ताट काढलं आणि पदरानं त्याच्यावरची धूळ पुसायला लागली.