फ्लेक्सची कोरी बाजू

"हे हसू साहेबांचंच आहे का?" श्रेयानं विचारलं.

संगणकासमोरच्या मुलानं मान न वळवताच उत्तर दिलं, "साहेबांचंच हाय. पण मागच्या वर्षीचं. यंदा फोटो काढताना ते हसलेच नाय, मग जुन्या फोटोतलं कापून बसवलं."

ती खळखळून हसली, तेव्हा कुठं त्यानं वळून पाहिलं. आणि मग – मी तिथंच उभी होते म्हणून सांगते – पुन्हा पडद्याकडे वळायचं तो विसरूनच गेला.

जानेवारीतली दुपार होती. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाचा फ्लेक्स करून घ्यायला मी पुंडलिकनगर रस्त्यावरच्या 'रिझवान डिजिटल'मध्ये गेले होते. श्रेया माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. वैजापूरची पोर, नाटकाचं शिक्षण घेत होती. माझे गुडघे दुखतात म्हणून सोबत आली होती. तिनं यायलाच नको होतं, असं पुढं मी कितीदा मनाशी म्हटलं… आणि तितक्याच वेळा म्हटलं, नाही, आलीच पाहिजे होती.

मुलाचं नाव सत्यम. सोयगावचा, गवंड्याचा मुलगा. दिवसभर वाढदिवसांचे फ्लेक्स करायचा. वर हात जोडलेले साहेब, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या चार रांगा. पण संगणकाशेजारच्या वहीत पेन्सिलीनं काढलेली चित्रं होती. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, पोरांच्या चित्रांना गुण दिले. ती वही उघडी पडलेली पाहून मीही चष्मा नीट केला.

चार दिवसांनी श्रेया एकटीच दुकानात गेली. काम नाटकाचंच होतं. एकांकिका स्पर्धेसाठी तिनं स्वतः नाटक लिहिलं होतं, मार्केट यार्डातल्या हमालावर. तिचे वडील कारभारी वैजापूरला कांद्याच्या गोण्या वाहतात, त्यामुळे तिला विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. पण मागचा पडदा आणायचा कुठून, हा प्रश्न होता.

"वाया गेलेले फ्लेक्स लई पडलेत," सत्यम म्हणाला म्हणे. "उलटी बाजू कोरीच असती. साबणानं धुतलं की रंग बसतो."

"आणि रंगवणार कोण?"

"तुम्ही चहा पाजणार असाल तर… मी."

अशी माझी गच्ची रंगानं भरली. दुकान दुपारी दोन तास बंद असायचं, तेवढ्यात तो यायचा. मी दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसायची. म्हातारीला कमी ऐकू येतं असं तरुण पोरांना का वाटतं कोण जाणे. मला सगळं ऐकू येत होतं.

"कांदा एवढा लाल कशाला? आमच्याकडचा असा नसतो," ती कमरेवर हात ठेवून म्हणायची.

"मग कसा असतो? फोटो दाखवा."

"फोटो कशाला? मी सांगते ना."

"तुम्ही सांगताना मला कांदा दिसतच नाय."

"मग काय दिसतं?"

तो ब्रश डब्यात बुडवायचा, नको तितका वेळ. "काय नाय… ऊन लई पडलंय."

"लई बोलायला लागलात हं तुम्ही."

"तुम्हीच लिहिलंय ना नाटकात, हमालानं गप राहू नये म्हणून."

मार्चमध्ये एका दुपारी अचानक गारा पडायला लागल्या. पडदा ओला, रंग कच्चा. सत्यम दोन्ही हात पसरून चित्रावर ओणवा झाला, आणि श्रेया माझी गोधडी घेऊन त्याच्यावर. दोघं हसत होते. केसांत गारा, गालावर निळा रंग. पाऊस थांबला, तरी गोधडी खाली यायला जरा वेळच लागला. मी आत जाऊन उगाचच भांडी वाजवली.

"अहो" कधी गेलं आणि "अरे" कधी आलं, ते मात्र मला कळलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी गंमत झाली. तिसऱ्या प्रवेशात मागून दिवा लागायचा होता, पहाट दाखवायला. तालमीत तो दिवा कुणी लावूनच पाहिला नव्हता. दिवा लागला आणि रंगवलेल्या कांद्यांच्या ढिगामागून फ्लेक्सवरचे साहेब उगवले! हात जोडलेले, पाठोपाठ शुभेच्छुकांच्या चार रांगा. नाट्यगृह हसायला लागलं. विंगेत श्रेयानं तोंड झाकून घेतलं. सत्यमचा चेहरा तर पिठासारखा पांढरा. पण हमालाचं काम करणारा पोरगा बहाद्दर. पाठीवरची गोणी तशीच ठेवून वळला, त्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "बघायला सगळे आले… उचलायला कुनी येतं का?"

टाळ्या थांबेनात. लेखनाचं बक्षीस श्रेयाला मिळालं आणि नेपथ्याचं 'रिझवान डिजिटल'ला.

व्हय, दुकानाला. अर्ज भरताना नेपथ्याच्या रकान्यात सत्यमनं दुकानाचं नाव लिहिलं होतं. श्रेया चिडली, "अरे, तुझं नाव लिहायचं ना!"

"फ्लेक्सच्या कोपऱ्यात कधी माझं नाव पाहिलंस? दुकानाचंच असतं. हाताला सवय पडली… लिहून गेलो."

रिझवानभाईंनी प्रशस्तिपत्र काचेत बसवलं आणि येईल त्याला दाखवू लागले. "मैं तो एक लकीर बी नै खींचा, और इनाम मेरेकू! ये सत्यम है ना, इसका कमाल है." सत्यम मान खाली घालून हसायचा.

परीक्षकांत मुंबईच्या एक बाई होत्या, मालिका लिहिणाऱ्या. त्यांनी श्रेयाला मदतनीस म्हणून बोलावलं. पहिले सहा महिने नुसतं शिकायचं, पगार नाही. पण राहायची सोय त्या करणार होत्या. अशी संधी आमच्याकडच्या पोरीला कोण देतं? वडील-काका त्या धंद्यात असलेल्यांचीच पोरं तिथं जातात.

कारभारी, म्हणजे श्रेयाचे आबा, मला भेटायला आले. खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच बसले.

"बाई, मला त्यातलं काय कळत नाय. तुमच्या भरवशावर पोरीला सोडतोय. पर एखाद्या पोराचं नाव कानावर आलं, तर तिकडनं उचलून आणीन. भावकीत तोंड दाखवायचंय मला."

हे श्रेयाला मी सांगितलं नाही. कशाला घाबरवायचं, असं वाटलं.

त्यानंतर दोन दिवसांनी दुपारी सत्यम आला. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला. श्रेया तिकीट काढायला गेली होती.

"काकू, दुकानात फोन आलता. त्या मुंबईच्या बाईंचा. त्यांच्या ओळखीचे कुणी सिनेमाचे सेट करतात. चित्रं घेऊन ये म्हणाल्या." आनंदानं त्याला धड उभं राहवत नव्हतं. "श्रेयाला अजून बोललो नाय. एकाच गाडीनं जावं म्हणतो. आणि गाडीतच तिला… सांगून टाकतो."

"काय सांगतोस?"

"तुम्हाला काय, सगळं दिसतंय की," तो लाजून म्हणाला.

दिसत होतंच. पण माझ्या डोळ्यांसमोर उंबऱ्यावर बसलेले कारभारी होते. दोघं एका गाडीनं गेले, हे वैजापूरला पोचायला एक दिवस पुरला असता. मी त्याला पाणी दिलं आणि शाळेत बोलायची त्याच आवाजात बोलले.

"एक वर्ष थांब, सत्यम. तिचं बस्तान बसू दे. आत्ता काही बोललास तर तिचे वडील तिला परत आणतील. तुझं काय, हातात काम आहे, दुकान आहे. तू नंतरही जाऊ शकशील."

त्यानं पाणी न पिताच ग्लास खाली ठेवला.

"तिच्यासाठी थांबायचं म्हणता?"

"तिच्यासाठीच."

"मग बरं, काकू."

एवढंच. वाद नाही, राग नाही. त्यानं वाद घातला असता तर… पण आमच्याकडची पोरं मास्तरणीशी वाद घालत नाहीत.

स्टेशनवर तो आला. तिची बॅग त्यानंच चढवली. श्रेया डब्याच्या दारात उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"तुला काही बोलायचं होतं का?" तिनं विचारलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर फलाटाच्या घड्याळाकडे वळवली.

"नाय…" तो म्हणाला. "पाणी घेतलं का?"

गाडी हलली. ती दारातून आत गेली नाही, दिसेनाशी होईपर्यंत.

वर्ष सरलं. मी त्याला आठवण केली नाही, त्यानंही विचारलं नाही. सेटवाल्यांनी तोवर दुसरा कुणी घेतला होता. श्रेयाचे फोन आम्हा दोघांनाही यायचे. तो "मजेत हाय" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. मग त्याला फोन येईनासे झाले. गेल्या वैशाखात सोयगावला त्याचं लग्न झालं. सुलेखा गुणी पोरगी आहे, मला येऊन मेथीची भाजी देते.

या जूनमध्ये श्रेया आली. मालिकेच्या शेवटी लेखकांत तिचं नाव येतं आता. कारभारी तो भाग संपेपर्यंत कुणाला उठू देत नाहीत म्हणे. मी पोहे केले. ती ओट्याला टेकून उभी राहिली, पूर्वीसारखी.

"सत्यमचं लग्न झालं ना," ती म्हणाली. "रिझवानभाईंकडून कळलं." मग बशीतले शेंगदाणे बाजूला काढत, "काकू, त्या दिवशी तो 'थांब' म्हणाला असता तर मी उतरले असते. 'मी येतो' म्हणाला असता तर… पण त्याला दुकानच सोडवलं नाही. तीन वर्षं रागावलेय मी त्याच्यावर."

मला ते सहन झालं नाही. सत्तरी ओलांडली आहे माझी. रागाचं ओझं भलत्याच माणसाच्या खांद्यावर ठेवून जायचं नव्हतं.

"दुकान सोडायला तो तयार होता गं," मी म्हटलं. "मुंबईहून त्यालाही बोलावणं होतं. तुझ्याच गाडीनं येणार होता. तुला सांगणार होता. मी त्याला थांबवलं."

कारभारींचं बोलणं, ती दुपार, सगळं सांगितलं. पोहे निवून गेले.

"तुझं नुकसान होऊ नये म्हणून…" मी म्हणत होते.

"आणि त्याचं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "त्याचं बोलावणं तुम्हाला बोलावणं वाटलंच नाही ना, काकू? तो दुकानातला पोरगा. माझं तेवढं स्वप्न आणि त्याचं काम."

खरंच होतं. ती वही मी पाहिली होती. तरी तिच्या बोलावण्याला मी संधी म्हटलं आणि त्याला म्हटलं, तुझं काय.

"आबांना मी समजावलं असतं," ती म्हणाली. "नसतं जमलं तर भांडले असते. पण मला विचारायचं होतं ना, काकू. एकदा… नुसतं विचारायचं."

मी हात पुढे केला. तिनं तो धरला, म्हणून मी आज हे लिहू शकते. मग तिनं डोळे पुसले.

"त्याला माहितीये? मी उतरले असते ते?"

"नाही. तू आत्ता सांगितलंस म्हणून मला कळलं."

"मग सांगू नका त्याला. त्याचा संसार आहे आता." आणि दाराशी जाऊन ती वळली. "या वेळी मला विचारून केलंत तर बरं होईल."

परवा भाजीच्या गाड्यापाशी सत्यम भेटला. माझ्या हातातली पिशवी त्यानं न बोलताच घेतली आणि घरापर्यंत आला. फाटकाशी घुटमळला.

"काकू, श्रेयाचा फोन येतो का?"

"येतो."

"बरी हाय ना?"

ओठांपर्यंत आलं होतं सगळं.

"बरी आहे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, पिशवी पायरीवर नीट टेकवून ठेवली आणि तो दुकान उघडायला गेला.