काचेवरचं काजळ

मलकापूरहून मोताळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अर्जुनरावांनी आईच्या नावाने बाळंतिणींचा दवाखाना बांधला, तेव्हा गावाने त्यांना हारांनी गळ्यापर्यंत झाकून टाकलं. हार घालणाऱ्यांपैकी एकानेही त्या इमारतीत वैशाखातली दुपार काढली नव्हती. काढली असती तर हार बाजूला राहिले असते आणि लोकांनी त्यांची मानगूट धरली असती.

वॉर्डाला पश्चिमेकडे भिंत अशी नव्हतीच. नुसत्या खिडक्या, आणि त्यांना वरपासून खालपर्यंत काच. का, तर पश्चिमेला रस्ता! एस.टी.तून जाणाऱ्या माणसाला वर सिमेंटच्या अक्षरांत मातोश्रींचं नाव आणि खाली चकाकत्या काचा दिसल्या पाहिजेत. आत कोण भाजून निघतंय, हे एस.टी.तून दिसत नाही.

सिस्टर सुभद्राबाईंना ते रोज दिसत होतं. त्या पिंपळगाव राजाच्या, नागपुरात नर्सिंग शिकून आलेल्या, अंगाने काटक आणि तोंडाने फटकळ. दुपार कलली की ऊन काचेतून आत शिरायचं, फरशीवरून सरकत पलंगांवर चढायचं. मग लोखंडी दांडीला हात लावायची सोय नसे. ओल्या बाळंतिणी भिंतीकडे तोंड करून, बाळावर पदराची सावली धरून बसायच्या. सिस्टरांनी पडदे मागितले, तर अर्जुनराव म्हणाले, पडद्यांनी काचा झाकतात. वाळ्याच्या ताट्या मागितल्या, तर म्हणाले, रस्त्यावरून गोठा दिसेल.

मग चांगुणाचं बाळ गेलं.

पहिलटकरीण पोर, खिडकीजवळचा पलंग. बाळ जन्मलं तेव्हा चांगलं गुटगुटीत होतं. दुपारी तापलं, उन्हं उतरता उतरता दूध ओढेनासं झालं आणि रात्र व्हायच्या आत संपलं. डॉक्टरांनी कारण म्हणून ताप लिहिला. सुभद्राबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ताप कसला? ऊन होतं ते, आणि हौसेने घरात घेतलेलं ऊन होतं. त्या तशाच तडक अर्जुनरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये गेल्या.

"काचेले काहीतरी लावा," त्या सरकीच्या ढिगाशेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "नाहीतर उद्यापासून साऱ्या बाया रस्त्यावर आनून निजवीन. मंग पाहू द्या एस.टी.वाल्यायले."

"तुम्ही भलत्याच तापट, सिस्टर," अर्जुनराव हसले. "लावू ना. पन रंग चांगला निवडजा. बाहेरून शोभलं पायजे."

बाळाबद्दल एक अक्षर त्यांनी काढलं नाही. लग्नाच्या मांडवातून उरलेल्या जिलेटीन कागदाच्या गुंडाळ्या मात्र संध्याकाळीच पाठवून दिल्या. पिवळा, निळा, लाल.

आता दवाखान्याच्या काचेला रंग निवडणं म्हणजे काही साडी निवडणं नव्हे. पिवळा लावला, तर सगळीच बाळं पिवळी दिसू लागली. खरी कावीळ कोणाला झालीय ते कळायची पंचाईत. निळा लावला, त्या दिवशी तर सिस्टरांनीच घोटाळा केला. नुकतं जन्मलेलं पोर काळंनिळं पडलंय असं समजून त्याला उलटं धरून पाठीत चापट्या मारल्या. पोर ठणठणीत होतं, त्याने रडून वॉर्ड डोक्यावर घेतला. लाल कागद तर त्यांनी उलगडलाच नाही. बाईचं रक्त जातंय की नाही, हे जिथे डोळ्याला दिसलं पाहिजे तिथे लाल उजेड? ज्याने पाठवला त्याच्या अकलेला नमस्कार असो, असं त्या मोठ्याने म्हणाल्या.

मग त्यांना लहानपणी ग्रहण बघायला धरलेली काच आठवली. चिमणीवर धरून काळी केलेली. तिच्यातून सूर्य मऊ होतो, पण कुठलाच रंग बदलत नाही. खळीत काजळ कालवून पातळ हात दिला तर?

काजळाची वाण नव्हती. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून काजळ पाडायचं आणि बाळाच्या डोळ्यांत घालायचं, हे प्रत्येक घरचं ठरलेलं. प्रत्येकीच्या उशाशी डबी होतीच. गोजरबाई आया वाटी घेऊन पलंगापलंगाशी फिरली. बायांनी बोटबोटभर दिलं.

चांगुणा घरी जायला गाठोडं बांधत होती. तिने सगळी डबीच वाटीत रिकामी केली.

"थोडं दे वं," गोजरबाई म्हणाली.

"घ्या सारं. मी आता कोनाच्या डोळ्यात घालू?"

आणि तिने स्वतःच फडकं खळीत बुडवून पहिल्या काचेला हात दिला. वरून खाली, सावकाश, बाळाचं अंग पुसावं तसा. सिस्टरांना तिला थांबवावंसं वाटलं, पण थांबवायचा हक्क आपल्याला आहे असं काही वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्ड गार होता.

थोडाफार गार होईल हा हिशेब होताच. पण हे भलतंच होतं. माठ ठेवलेल्या कोनाड्यासारखा गारवा. बायांनी पायांवर सोलापुरी चादरी ओढल्या होत्या. बाहेर डांबर पाघळत होतं आणि आतून काचेला हात लावला, तर काच थंड. सुभद्राबाईंनी फरशीकडे पाहिलं. काजळी काचेतून मळकट का होईना, उन्हाचा चौकोन पडायला हवा होता. तो कुठेच नव्हता.

"बाई," गोजरबाई हळूच म्हणाली, "मंग ऊन गेलं कुठं?"

"जाईना मसनात," सिस्टर म्हणाल्या. "आपल्याले काय करायचं?"

त्या दिवशी त्या समाधानाने जेवल्या.

अर्जुनरावांच्या घरून बोलावणं आलं ते त्यानंतर लगेच. त्यांची सून विमल घरीच बाळंत झाली होती. गावासाठी दवाखाना बांधला, पण आपली सून तिथे चारचौघींत निजणार नाही, हा त्यांचा थाट. अर्जुनरावांची बायको सत्यभामाबाई दारातच उभी होती.

"नातू तापलाय, सिस्टरबाई. दुपार झाली का तापते. दूधच घेईना."

खोली घराच्या अगदी पोटात होती. खिडकी नाही, झरोका नाही, दाराच्या फटीतही चिंध्या कोंबलेल्या. आत पाऊल टाकताच धग तोंडावर आली.

"खाटेखालची शेगडी काढा आधी!" सिस्टर कडाडल्या. "जीव घेता का लेकराचा?"

"शेगडी कव्हाच बंद केली," सत्यभामाबाई म्हणाली.

सिस्टरांनी वाकून राखेत बोट घातलं. राख गार होती.

"बाई," खाटेवरून विमल म्हणाली, "ऊन येते अथी."

तेव्हा त्यांना दिसलं. वाकळेवर उन्हाचा चौकोन पडला होता. पांढराफटक. त्यावर गजांची सावली, उभी एक आणि आडवी एक. वॉर्डाच्या काचांची चौकट त्या झोपेतही ओळखू शकल्या असत्या.

त्यांनी मध्ये हात धरला. हाताची सावली पडली. हाताची पाठ चटकली. ऊन ज्या बाजूने येत होतं, तिकडे शेणाने सारवलेली कोरी भिंत होती.

चौकोन सरकत बाळाच्या दुपट्याला लागला.

सिस्टरांनी बाळ उचललं. ते भाजलेल्या भाकरीसारखं गरम होतं. इतक्यात अर्जुनराव दारात आले. सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाले, "पुसून टाका ते काजळ."

"अन् वॉर्डातल्या बायायनं काय करावं?"

"आधी काय करत होत्या?"

"भाजत होत्या! एकीचं लेकरू गेलं तुमच्या काचेपायी. तुम्ही इचारलंबी नाही कोनाचं म्हणून."

"आता ते अन् माझा नातू एकच का?"

सुभद्राबाईंनी बाळावर पदर घेतला. "काजळाले कोनी हात लावनार नाही. हे लेकरू वॉर्डात नेतो. चारचौघीत. अडवून पाहा मले."

अर्जुनराव दारातून हलले नाहीत. सत्यभामाबाईने विमलला हाताला धरून उठवलं, आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला बाजूला सारून ती बाहेर पडली.

वॉर्डात रिकामा पलंग खिडकीजवळचाच होता. तिथे गारव्यात बाळ थोडा वेळ निपचित पडलं. मग त्याने तोंड हलवलं. विमलने घेतलं, तर चुरूचुरू ओढू लागलं.

गावात कुजबुज सुरू झाली. अर्जुनरावांना ती झोंबली. भिंतीतून ऊन येतं म्हणे! खुळ्या बायांचा बाजार सगळा. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जिनिंगमधून आले, अंगातला काळा अल्पाकाचा कोटही न काढता त्या खोलीत गेले आणि गड्याला म्हणाले, "दार लाव. पाहतो मी, कसं ऊन येते तं." मग त्यांनी आतून कडी घातली.

दुपार गेली. उन्हं उतरली. दार उघडेना, हाकेला ओ येईना. सत्यभामाबाईने सिस्टरांना बोलावून आणलं.

गड्याने दाराला खांदा दिला.

खोली गार होती. अंधारात अर्जुनराव खाटेवर बसलेले दिसत होते, ताठ, मान खाली घातलेली.

"काही आलं होतं का, अहो?" सत्यभामाबाईने विचारलं.

ते अगदी हळू, पुढे-मागे डोलत राहिले.

सुभद्राबाईंनी नाडी पाहायला त्यांचा हात धरला. हात छातीशी वाकलेला होता, कुशीत काहीच नव्हतं. त्या तो सरळ करू लागल्या, तसे अर्जुनराव घाबरून कुजबुजले.

"हळू, बाई. आताच निजलं."

सिस्टरांनी कंदील वर केला. एका दुपारीत कोट विटून तांबूस झाला होता, वर्षभर उन्हात टाकल्यासारखा. वाकलेल्या हाताच्या वर मात्र, छातीपाशी, तान्ह्या बाळाएवढा भाग काळाभोर राहिला होता.