पोटरीतली ऊब

कॉफीच्या रांगेत माझ्यापुढं एक तरुण उभा होता. बाहेर बर्फ भुरभुरत होता, आणि हा गडी अर्ध्या चड्डीत! मिनेसोटात असे वेडे असतातच म्हणा. पण त्या पोटऱ्या... भरीव, रेखीव...

तो गर्रकन वळला. "आवडल्या वाटतं?"

मी लालबुंद. "अभ्यासाचा विषय आहे तो माझा!"

"हे कारण पहिल्यांदाच ऐकतोय हं —"

त्याचं नाव फेंग. शाळेत गाणं शिकवायचा, थंडीभर पायांत स्की घालून बर्फावर पळायचा. कॉफी संपेस्तोवर मी त्याला आमच्या प्रयोगशाळेतल्या एमआरआयच्या, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या खोलीत यायला राजी केलं. सुई नाही, चीर नाही. माणसानं नुसतं आडवं व्हायचं. पोटरीतलं पाणी आणि तिथलाच एक इवलासा पदार्थ, यांचे बारीक सूर यंत्र टिपतं. त्यावरून आत ऊब किती, आंबटपणा किती, ते कळतं.

"मग माझ्याबरोबर जेवायला येशील?"

"मोजणी संपेपर्यंत नाही. नियम आहे."

"लवकर संपव की गं, मॅरिट!"

पण तीच तर संपेना. पायानं पेडल दाबून स्नायू दमवायचा, मग निश्चल पडायचं — इथंच घोडं अडायचं. मी काही बोलले की फेंगला हसू फुटायचं, पोटरी हलायची, आणि पडद्यावरची रेष विस्कटायची. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच! आज शेवटची संधी. उद्यापासून यंत्र दुसऱ्यांकडे, आणि ही मोजणी हुकली तर माझा प्रबंध अर्धवट.

फेंगनं पेडल मारलं. ऊब चढली, आंबटपणा चढला.

"बास. आता हलू नकोस," मी काचेपलीकडच्या खोलीतून माईकवर म्हटलं आणि मागं टेकले.

यंत्र चालवणारी लॉरेन माझ्या आईच्या वयाची. "पोरी, इतकी का घाबरलीस?"

"बिघडलं तर?"

"मोजणी, की तो?"

"दोन्ही..." माझा आवाज आपसूक हळवा झाला. "तो हसला ना, की दिवसभर काही सुचत नाही गं. नियम नसता तर त्या रांगेतच मिठी मारली असती त्याला."

लॉरेननं माझ्याकडे पाहिलं. मग माईककडे. लाल दिवा तसाच तेवत होता.

बटण बंद करायचंच राहिलं होतं!

आता हा खदखदा हसणार... सगळं मातीत! डोळे किलकिले करून मी पडद्याकडे पाहिलं. रेष सरळ होती. नितळ, तळ्यातल्या पाण्यासारखी. आंबटपणा सावकाश उतरत गेला, ऊब ओसरत गेली, आणि फेंग... दगडासारखा पडून.

बाहेर काढलं तेव्हा त्याचा चेहरा तांबडाभडक, डोळ्यांत पाणी.

"बरगड्या दुखल्या माझ्या, हसू दाबून दाबून!"

"मग... हसला का नाहीस?"

"हललो असतो तर तुझी मेहनत वाया गेली असती ना, वेडाबाई."

इतकं साधं बोलला तो.

"मोजणी संपली का?" त्यानं हळूच विचारलं.

लॉरेननं कोट खांद्यावर टाकला. "संपली रे बाबा, कधीच! मी चालले जेवायला."

तिच्यामागं दार लागलं. नियमही बहुधा तिच्याबरोबरच बाहेर गेला असावा... कारण मी फेंगच्या मिठीत होते, आणि तो आता हलत होता, हसत होता — अगदी मनसोक्त.