शेवटच्या शब्दाआधीचा श्वास

ऋजुताने गळ्यातलं श्वासशिल्प उतरवलं आणि टेबलावर ठेवलं, पण वरचा हात काही काढला नाही. हातातून सुटलेली वस्तू बदलली जाते, असं तिला हल्ली वाटू लागलं होतं.

"हे माझ्या बाबांचं नाही," ती म्हणाली.

डॉ. शलाका तांबट यांनी चष्मा वर सरकवला. "आधी बस. चहा सांगते."

"चहात गुंडाळू नका मला."

नाशिकच्या त्या कार्यशाळेत भिंतीभर श्वासशिल्पं टांगलेली होती. आता कुणाचा आजार हाताबाहेर गेला की घरचे त्याला इथे घेऊन येत. त्याच्या छातीला पट्टा बांधून त्याच्याकडून आवडीची कविता म्हणून घेत. पट्टा शब्द टिपत नसे, फक्त श्वास टिपे. मग तो श्वास स्मृतिधातूला शिकवला जाई. स्मृतिधातू म्हणजे शिकवलेला आकार न विसरणारा धातू. तो कितीही वाकवला तरी ऊब मिळताच मूळ आकारावर येतो. या धातूची पातळ पानं खांद्यापासून बरगड्यांपर्यंत गुंफलेली असत. प्रत्येक पान कवितेच्या एका ओळीचं. अंगाच्या उबेने ती एकामागून एक उमलत आणि मिटत, गेलेला माणूस श्वास घेई तशी. ज्याला कविता पाठ असे, त्याला छातीशी कुणीतरी ती मुक्याने म्हणत असल्याचा भास होई.

ऋजुताचे बाबा, मंदार केळशीकर, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत आणि ताऱ्यांवर कविता लिहीत. दम्यामुळे प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी त्यांना थांबून श्वास घ्यावा लागे. मुलं ओरडत, "सर, शब्द आम्ही सांगू का?" ते म्हणत, "थांबा रे, प्रकाशालाही पोचायला वेळ लागतो."

शिल्पातून तो थांबाच नाहीसा झाला होता.

"मागच्या महिन्यात पॉलिशला दिलं होतं," ऋजुता म्हणाली. "तेव्हा बदललंत. कुणा धडधाकट माणसाचं अडकवलंत माझ्या गळ्यात."

डॉक्टरांनी शिल्प उलटं केलं. मागच्या बाजूला बाबांची सही कोरलेली होती, खालची रेघ थरथरलेली. ऋजुताने त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"मग सुधारलंत. छंदात बसवलंत."

"मी तांबटाची मुलगी आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "हंड्याला पोचा आला तर काढीन. माणसाचा पोचा काढणारी मी कोण?" मग त्यांनी विचारलं, "रोज किती वेळ घालतेस?"

ऋजुताने शिल्प स्वतःकडे ओढून घेतलं.

"एक तास सांगितला होता. कागदावर लिहूनही दिलं होतं."

"आत्या म्हणाली, वर्षश्राद्धापर्यंत अंगावरून उतरवू नकोस. बापाचा जीव आहे त्यात." तिचा आवाज खाली आला. "पॉलिशचे दोन दिवस सोडले तर उतरवलंच नाही. झोपेतही नाही."

डॉक्टरांनी एक पट्टा आणून तिच्या छातीला बांधला आणि शिल्प पुन्हा गळ्यात घातलं. पडद्यावर दोन रेघा धावू लागल्या, एक तिच्या श्वासाची, दुसरी पानांची. थोड्या वेळात एक रेघ दुसरीखाली दिसेनाशी झाली.

"नवी चप्पल आधी पायाला चावते, मग पायासारखी होते," डॉक्टर म्हणाल्या. "हा धातूही तसाच. आपणहून विसरत नाही, पण सतत नवं शिकवलं की जुन्यावर तेच चढतं. माणूस दिवसाला वीस हजार श्वास घेतो. अकरा महिन्यांत तू त्याला साठ-सत्तर लाख वेळा स्वतःचा श्वास शिकवलास."

"म्हणजे इतके दिवस मी..."

"स्वतःशीच टेकून बसली होतीस."

"पुन्हा शिकवा त्याला."

"कशावरून शिकवू? 'दोन मुलांसाठी दोन करा, मग नोंदी पुसून टाका,' असं सरांनीच लिहून दिलं होतं." डॉक्टर थोड्या घुटमळल्या. "आमच्याकडे हे नेहमीच होतं, ऋजुता. ज्यांना सोडवत नाही, त्यांचंच आधी पुसलं जातं."

धाकट्या भावाचं, निहारचं, शिल्प पुण्यात होतं. बाबांच्या आजारपणात तो दोनदा आला होता, दोन्ही वेळा परतीचं तिकीट काढून. तिने फोन केला.

"माझं? कपाटात आहे," तो म्हणाला. "तेराव्यानंतर घातलंच नाही. मला सोसत नाही गं ते, ताई. तू घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या घरी पोचली. डब्यातल्या मखमलीवरची पानं कोरी लखलखीत होती. डबा न उघडणाऱ्याच्या घरी बाबा जसेच्या तसे राहिले होते, आणि याचा राग नेमका कुणावर काढायचा ते तिला कळेना. तिने शिल्प गळ्यात घातलं. धातू गार होता, मग कोमट झाला. पहिलं पान उमललं, मिटू लागलं, आणि शेवटच्या शब्दाआधी थांबलं.

निहार समोर स्टूल ओढून बसला. मधून मधून तो घड्याळाकडे बघत होता.

"ताई, तास होऊन गेला," शेवटी तो म्हणाला. "काढ आता. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

ऋजुताने नकारार्थी मान हलवली. ती ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. बाबांचं पान उमललं की ती स्वतःचा श्वास आत कोंडून धरायची, आपल्या छातीने त्याला काही शिकवू नये म्हणून. तिचा चेहरा लाल होत चालला होता.

"ताई? अगं, बोल ना काहीतरी!"

बोलायला श्वास सोडावा लागला असता.