खुरसाजवळची शांतता

यातलं एक अक्षरही रचलेलं नाही.

ते रेकॉर्डिंग आजही इंटरनेटवर आहे. ऐकणारे खाली लिहितात, किती स्वच्छ आवाज आहे. त्या स्वच्छतेची किंमत मालवणजवळच्या एका घराला ठाऊक आहे.

गेल्या मे महिन्यातली तिन्हीसांज.

डेल्सी पणजीतल्या एका संगीत कंपनीत उन्हाळी इंटर्नशिप करत होती. किनाऱ्यावरची जुनी भक्तिगीतं रेकॉर्ड करून लोकांपर्यंत पोहोचवायची, हे त्या कंपनीचं काम. डेल्सीने आपल्याच वाडीतली लादीन सुचवली. उन्हाळ्यात खुरसापुढे, म्हणजे वाटेवरच्या क्रुसापुढे, मेणबत्त्या लावून सगळे मिळून गातात ती प्रार्थना.

खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचा भाऊ मॅक्सवेल त्याआधीच्या पावसाळ्यात समुद्रात बुडाला होता. लादिनीत त्यांची आई एस्पेरांसा वरचा सूर गायची आणि तो खालचा. त्या खालच्या सुराला सेगुंद म्हणतात. मॅक्सवेल तो नेहमी अर्धा श्वास उशिरा उचलायचा; थकलेल्या माणसाच्या खांद्याखाली कुणी हात द्यावा, तसा आईच्या सुराखाली शिरायचा.

त्याचा आवाज आता कुठेच उरला नव्हता. त्याचा फोन समुद्राने ठेवून घेतला. डेल्सीने आपला फोन बदलला, तेव्हा त्याचे सगळे आवाजी निरोप पुसले गेले. आवाज जपण्याचं काम शिकणाऱ्या मुलीपाशी सख्ख्या भावाचा एक शब्दही नव्हता. निदान तो जिथे गायचा, ती रिकामी जागा तरी तिला जपायची होती.

वाडीनेही ती रिकामीच ठेवली. सेगुंद कुणीच उचलला नाही.

गाणं संपल्यावर डेल्सीने सगळ्यांना थोडा वेळ गप्प उभं राहायला सांगितलं. या कामातली ती रीतच असते. गाण्यानंतर त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. पुढे संगणक तिचा नमुना घेतो. शांततेत जे जे ऐकू येतं, वारा, किडे, लाटा, ते सगळं गाण्यातून वजा करतो.

शेजारचा म्हातारा बाबुश प्रसादाच्या चण्यांकडे बघत कुरकुरला, "चणे थंड जातत गो बाय. शांतता काय, मेल्यावर गावतलीच."

कुणीतरी हसलं. मग बाबुशची नजर एस्पेरांसाकडे गेली आणि तो खाली बघू लागला.

सगळे गप्प झाले.

एस्पेरांसा तेवढी डोळे मिटून मान डोलवत होती...

जणू गाणं अजून संपलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी डेल्सीने हेडफोन लावले. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती.

आईचा सूर आला. त्यामागे लाटा. आणि त्याच्याही खाली...

अर्धा श्वास उशिरा...

सेगुंद.

तिने हेडफोन काढले. खोलीत काही नव्हतं. पुन्हा लावले. पुसट, वाऱ्यात कालवलेला, पण मॅक्सवेलच.

तिला भीती वाटली नाही. तिचे डोळे भरून आले. तो स्पष्ट ऐकू यावा, एवढंच तिला सुचलं. वारा आणि लाटा पुसल्या की तो उरेल. त्या घाईत तिने शांततेचा नमुना न ऐकताच निवडला आणि बटण दाबलं.

वारा गेला. लाटा गेल्या. आईचा सूर धुतल्यासारखा झाला.

त्याखाली कुणीच नव्हतं.

तिने तो नमुना लावला. खुरसापुढे सगळे गप्प उभे होते, तेव्हाच्या त्या शांततेत, लाटांच्या पलीकडे...

तो गातच होता.

संगणकाने त्यालाही नको असलेला आवाज मानलं होतं.

ऐकता ऐकता तो विरत गेला. डेल्सीने केलेलं सगळं मागे घेतलं. वारा परतला. लाटा परतल्या. मॅक्सवेल परतला नाही. रेकॉर्डरमधल्या मूळ आवाजातही आता नुसता समुद्र होता.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला...

ओल्या हातांनी आई दारात उभी होती.

"कित्याक बंद केलंस गो?"

"काय बंद केलंय, मम्मी?"

"तेचा गाणा."

हेडफोन डेल्सीच्या कानांवरच होते. खोलीत काही वाजलंच नव्हतं.

"मी रोज आयकतंय," आई हळूच म्हणाली. "तू भियाशीत म्हणान सांगूक नाय."

ती कान देऊन उभी राहिली. बराच वेळ. मग एखादं हरवलेलं मूल शोधावं तशी घरभर फिरली, मागचं दार उघडून परसात बघून आली.

"खंय गेलो गो तो?"

मॅक्सवेलला मातीत दिलं, त्या दिवशीही एस्पेरांसाने हा प्रश्न विचारला नव्हता. तेव्हा तो कुठे आहे, हे तिला ठाऊक होतं.

ते धुतलेलं गाणं पुढे कंपनीने इंटरनेटवर टाकलं. डेल्सी अजून याच कामात आहे. आता ती कुठलीच शांतता न ऐकता पुसत नाही. आणि कधीकधी परक्या गावांतल्या, परक्या माणसांच्या शांततेत...

कुणीतरी असतं.

तो कधीच मॅक्सवेल नसतो.